माळ्यावरचे होल्डर पुन्हा कॅमेऱ्यात: जुना प्रेस कॅमेरा नव्याने हाती आलेल्यांसाठी

जुना प्रेस कॅमेरा, म्हणजे पूर्वीच्या वृत्तपत्र छायाचित्रकारांचा मोठ्या फिल्मचा कॅमेरा, घेतला की त्याच्यासोबत हमखास एक खोकं येतं. आत फिल्म धरणारे लाकडी-धातूचे चपटे होल्डर, एकट्या पडलेल्या स्लाइड (म्हणजे फिल्म उजेडापासून झाकायला होल्डरमध्ये सरकवायच्या पट्ट्या), विकणाऱ्यालाही ज्याचं काम ठाऊक नाही असा एखादा पत्र्याचा डबा आणि वेटोळं झालेली वायर. बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावरून आलेलं असो, पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेलं असो की परदेशातून पार्सलने मागवलेलं, खोक्यातला मामला सारखाच. नवा माणूस कॅमेरा पुसतो, लेन्स चकाचक करतो आणि खोकं भंगारवाल्याला द्यायला निघतो. खरं तर त्या खोक्यातल्या निम्म्या वस्तू थोड्या खटपटीने कामाला लागतात. ज्या फिल्मसाठी त्या बनल्या, त्यातल्या काही आता मिळत नाहीत, एवढीच अडचण आहे. होल्डरला त्याचं काय सोयरसुतक? तुम्ही जे आत ठेवाल ते तो धरून ठेवतो.

कोल्हापुरात हे काम जड जाऊ नये. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथल्याच कारागिरांना हाताशी धरून मूव्ही कॅमेरा घडवला. आपल्याला तर नुसता होल्डर जागेवर आणायचा आहे. त्यासाठी लागणारं सगळं गावातच मिळतं: उद्यमनगरात लेथ आणि शिम पत्रा (जाडी जुळवायला घालायचा पातळ पत्रा), बाइंडिंगवाल्याकडे काळं कापड, गांधीनगरच्या कापडबाजारात मखमल, आणि बेलोजला, म्हणजे कॅमेऱ्याच्या भात्याला, ठिगळ लावायचं असेल तर चामडं पातळ सोलून देणारे चप्पल कारागीर.

आधी मूळ नियम. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या दुधी काचेवर, चित्र ज्या पातळीवर फोकस होतं, नेमक्या त्याच पातळीवर फिल्मचं इमल्शन, म्हणजे उजेड धरणारा थर, आलं पाहिजे, आणि तिथे लेन्सशिवाय दुसरीकडून उजेड पोहोचता कामा नये. खोक्यातली प्रत्येक वस्तू या दोन कसोट्यांवर घासायची.

बॅक कोणती ते बघा

आपल्याकडे जास्त करून दिसतो तो अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कंपनीचा स्पीड ग्राफिक. १९१२ पासून तो बनत होता. १९४७ साली पेसमेकर मालिका आली, आणि तिच्यातला क्राउन ग्राफिक हा भाऊ १९७३ पर्यंत निघत राहिला. स्पीडमध्ये मागच्या बाजूला पडद्याचं शटर असतं, क्राउनमध्ये ते नसतं. याशिवाय इंग्लंडचा एमपीपी, जर्मनीचा लिनहॉफ, अमेरिकेचाच बुश प्रेसमन अशी मंडळीही अधूनमधून भेटतात. बहुतेक कॅमेरे चार बाय पाच इंचाचे. सव्वातीन बाय सव्वाचार आणि सव्वादोन बाय सव्वातीन या लहान मापांचेही निघतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी पट्टी लावून बघा.

कॅमेरा कोणत्या साली बनला यापेक्षा त्याची मागची चौकट कोणत्या जातीची आहे हे महत्त्वाचं. तीन जाती आहेत.

स्प्रिंग बॅकमध्ये ग्राउंड ग्लासची चौकट स्प्रिंगवर बसवलेली असते. होल्डर तिच्याखाली सरकवला की ती वर उचलली जाते. दोन्ही बाजूंना एकेक फिल्म घेणारे साधे दुहेरी होल्डर, सहा फिल्मचा ग्राफमॅटिक, पोलरॉइडचा झटपट फिल्मचा ५४५ हे सगळं तिच्यात जातं. जाड रोल फिल्म बॅक मात्र जात नाही.

ग्राफ्लॉक बॅक १९४९ मध्ये आली. तिच्यात वरचं सगळं करता येतंच, शिवाय ग्राउंड ग्लासची चौकट पूर्ण काढून, दोन सरकपट्ट्यांनी रोल फिल्म बॅक थेट कॅमेऱ्याला अडकवता येते. दोन्हींत निवडायची संधी असेल तर डोळे झाकून ग्राफ्लॉक घ्या.

तिसरी ग्राफ्लेक्स बॅक, म्हणजे त्याच कंपनीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांची. तिच्या होल्डरना कडेला खाच असते; साध्या होल्डरला उभार कणा असतो, जो बॅकच्या खाचेत बसतो. नावं सारखी असल्यामुळे इथे लोक हमखास गोंधळतात. हातात घेतलेल्या होल्डरच्या कडेवर कणा आहे की खाच, एवढं बघितलं तरी फुकटचा खर्च वाचतो.

खोकं पालथं करा

सतरंजीवर सगळं मांडा आणि ढीग लावा. दुहेरी होल्डर वेगळे. लाकडी आणि जुने एका बाजूला, लिस्को, फिडेलिटी, राइटवे अशा नावांचे नंतरचे होल्डर दुसऱ्या बाजूला. काचेच्या प्लेटचे होल्डर तिसरीकडे. ते ओळखणं सोपं आहे, फिल्मच्या होल्डरमध्ये कडेला फिल्म सरकवायची बारीक खाच असते, प्लेटच्या होल्डरमध्ये काच मावेल एवढी खोलगट जागा आणि मागून ढकलणारी स्प्रिंग. कोल्हापूरच्या जुन्या स्टुडिओंतून बऱ्याचदा हाफ प्लेट या मापाच्या काचेचे, पुस्तकासारखे उघडणारे सागवानी होल्डर येतात. ते प्रेस कॅमेऱ्याला लागत नाहीत. शाबूत असतील तर तसेच जपा, कुणा फील्ड कॅमेरावाल्याला ते सोन्याहून पिवळे. मोडलेले असतील तर त्यांच्यातल्या स्प्रिंगा, पितळी कोपरे आणि मखमल काढून डबीत टाका.

ग्राफमॅटिक मिळाला तर नशीब काढलंत. एका होल्डरात सहा फिल्म, ड्रॉवरसारखा ओढून ढकलला की पुढची फिल्म समोर. आत सहा पत्र्याच्या तबकड्या असतात, त्यांना सेप्टम म्हणतात. एक जरी वाकलेली असली तरी अख्खं यंत्र अडकतं. प्रत्येक तबकडी सपाट काचेवर ठेवून डोलते का ते बघा. आणि यात फक्त नेहमीची शीट फिल्म, म्हणजे सुट्या तुकड्यांची फिल्म, घाला. फोटो पेपर किंवा एक्स-रे फिल्म घालून प्रयोग करायचे ते साध्या होल्डरमध्ये.

उजेड कुठून शिरतो

जुन्या होल्डरचं पहिलं दुखणं हेच. उजेड शिरायच्या जागा तीन: स्लाइड आत जाते ती फट, खालच्या झाकणाची कापडी बिजागरी आणि लाकडाचे सांधे. टॉर्च मारून बघणं हा अर्धवट उपाय आहे. खात्रीची तपासणी फोटो पेपरने होते.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली होल्डरच्या दोन्ही बाजूंना फोटो पेपर भरा. पेपर १०० बाय १२५ मिलीमीटर कापा. चार बाय पाचची फिल्म प्रत्यक्षात एवढ्याच मापाची असते, आणि पूर्ण चार बाय पाच इंच कापलेला पेपर आत जात नाही. आठ बाय दहाच्या एका पेपरातून असे चार तुकडे निघतात आणि तीनेक मिलीमीटरची कात्रण उरते. मग स्लाइड लावून होल्डर गच्चीवर भर उन्हात ठेवा, चारही कडा सूर्याकडे येतील असा फिरवत राहा.

किती वेळ? बरेच जण पाच मिनिटांत उरकतात, आणि तिथेच फसतात. फोटो पेपरचा वेग साधारण आयएसओ ६, तुमच्या फिल्मचा ४००. फिल्म पेपरपेक्षा साठ-पासष्ट पटींनी चटकन उजेड धरते. म्हणजे पेपरला दिलेली पाच मिनिटं फिल्मच्या हिशेबात पाच सेकंदही भरत नाहीत. अर्धा तास ठेवा, तेव्हा कुठे फिल्मच्या अर्ध्या मिनिटाची परीक्षा होते.

पेपर डेव्हलप केल्यावर काळे पट्टे दिसतील तिथे गळती. पट्टा स्लाइडच्या तोंडाकडून आला असेल तर मखमल गेलेली, उलट्या टोकाकडून आला असेल तर बिजागरी, कोपऱ्यातून तिरका आला असेल तर सांधा. पेपर पांढराशुभ्र निघाला तर होल्डर पास.

बिजागरीची दुरुस्ती सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त लागणारी. जुनं कापड बोथट सुरीने खरवडून काढा, खाली चिकटलेला डिंक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बाइंडिंगवाल्याकडून काळं कॅलिको घ्या. चकचकीत रेक्झिन नको, ते घडीवर तडकतं. मूळ पट्टीच्या रुंदीची पट्टी कापा, फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात द्या, झाकण बंद ठेवून चिकटवा. गोंद ओला असतानाच झाकण दोन-तीनदा उघडून मिटा. तसं केलं नाही तर पट्टी ताणलेल्या स्थितीत वाळते, झाकण पुरतं बसत नाही आणि गळती होती त्याहून वाढते. रात्रभर वजनाखाली ठेवा. उघड्या पडलेल्या लाकडाला फळ्याचा काळा रंग लावला की काम संपलं.

मखमल बदलायला जरा धीर लागतो. स्लाइडच्या तोंडाशी पितळेची पातळ स्प्रिंगपट्टी आणि तिच्यावर मखमल असते. खिळे जपून काढा, स्प्रिंग वाकवू नका, तिचा बाक हाच तिचा जीव. नवी मखमल सुती आणि काळीभोर घ्या. साडीच्या दुकानातली चमकणारी सिंथेटिक मखमल जाड असते, तिच्यात स्लाइड इतकी घट्ट बसते की ओढताना कॅमेरा हलतो.

लाकडाचा सांधा सुटला असेल तर सुताराचा गोंद भरून क्लॅम्प करा. लाकूड आटून चौकटच वाकडी झाली असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. त्याची स्लाइड काढून ठेवा, तिचा उपयोग पुढे सांगतो.

जो होल्डर पास होईल त्याला खूण करा. स्टिकर गळून पडतात. फिल्मच्या खिडकीच्या कडेवर त्रिकोणी कानसीने बारीक खाच पाडा: पहिल्या होल्डरला एक, दुसऱ्याला दोन. ती खाच प्रत्येक निगेटिव्हच्या कडेवर उमटते. पुढे कधी एखाद्या निगेटिव्हवर धुकं दिसलं, तर कोणता होल्डर गळतोय ते शोधत बसावं लागत नाही.

पाच मिलीमीटरचा हिशेब

आता खरी गंमत. चार बाय पाचच्या प्रमाणित होल्डरमध्ये, कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपासून फिल्मच्या मागच्या पत्र्यापर्यंतची खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलीमीटर असते. त्यात ०.००७ इंचाची, म्हणजे ०.१८ मिलीमीटरची सूट. फिल्मची जाडीही साधारण तेवढीच, त्यामुळे इमल्शन ४.८ मिलीमीटरवर येतं. ग्राउंड ग्लासची खरखरीत बाजूही ४.८ वरच हवी.

मोजायला डेप्थ रॉड असलेला व्हर्निअर पुरतो. होल्डरमध्ये वाया गेलेली एक फिल्म घाला, स्लाइड काढा. होल्डरच्या दोन्ही कडांवर टेकेल अशी सपाट स्टीलची पट्टी आडवी ठेवा, पट्टीच्या वरच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंत मोजा आणि पट्टीची जाडी वजा करा. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत मोजा. मध्ये फुगलेला पत्रा जुन्या होल्डरांत नेहमी सापडतो. मग ग्राउंड ग्लासची चौकट काढून पालथी करा आणि तसंच काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत मोजा.

स्वतःच्या हातावर भरवसा नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे जा. ओतकाम आणि मशिनिंगवर उभा राहिलेला भाग आहे तो, मोजमाप त्यांच्या बोटांत असतं. मात्र सूट किती चालेल ते आधी सांगा, नाहीतर मिस्त्री उगाच जीव काढत बसेल. "साहेब, पाच म्हंजे पाचच, का धा-ईस मायक्रॉन इकडंतिकडं चालत्यात?" हा प्रश्न येणारच. एकशे ऐंशी मायक्रॉनपर्यंत चालतं असं सांगितलं की तो चहाचा कप खाली ठेवून हसतो. "मग ह्ये सुताराचं काम हाय की!"

त्याचं हसणं बरोबर आहे, पण सुताराच्या मापातही चूक झाली तर फोटोत दिसते. १२७ मिलीमीटरची एक्टार किंवा १३५ ची ऑप्टार लेन्स एफ ४.७ वर पूर्ण उघडी ठेवून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये अर्धा मिलीमीटर फरक पडला की डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. एफ २२ वर तीच चूक खपून जाते. म्हणून नवीन असाल तर पहिले काही फोटो एफ १६, एफ २२ वर काढा. होल्डर थोडा चुकलेला असला तरी फोटो पदरात पडेल.

माप जुळलं नाही तर काय करायचं? एखादाच होल्डर चुकतोय, तर तो बाजूला ठेवा. त्याच्यासाठी काच हलवू नका, नाहीतर बाकीचे सगळे चुकतील. सगळेच होल्डर आपसात जुळतात आणि काच तेवढी वेगळी पडते, तेव्हा काचेकडे वळा. काच आणि तिच्या बैठकीमध्ये शिम पत्रा घातला की काच मागे सरकते, खोली वाढते. हा पत्रा पितळेचा, ०.०५ आणि ०.१ मिलीमीटरच्या जाडीत हार्डवेअरमध्ये मिळतो. चारही कोपऱ्यांत सारख्या जाडीचे तुकडे घाला.

काच बदललेली असेल तर दोन गोष्टी तपासा. खरखरीत बाजू लेन्सकडे आहे ना? कुणीतरी साफ करून उलटी बसवलेली काच ही जुन्या कॅमेऱ्यांतली सर्वांत मोठी लबाडी. तिच्यामुळे फोकस चांगलाच चुकतो. दुसरं, ग्राफ्लेक्सच्या काही कॅमेऱ्यांत ग्राउंड ग्लासच्या पुढे, लेन्सच्या बाजूला, एक्टालाइट नावाची बारीक वर्तुळांची फ्रेनेल लेन्स असते. ती कुणी काढून टाकली असेल तर पातळी बदललेली असते. ती जागेवर असेल तर व्हर्निअरने काचेपर्यंत मोजता येत नाही. मग टेबलावर पट्टी तिरपी ठेवा, लेन्स पूर्ण उघडा, मधल्या आकड्यावर फोकस करा, पेपरवर फोटो काढा आणि कोणता आकडा स्पष्ट आला ते बघा.

फुटलेली काच नवी करायला परदेशातून मागवायची गरज नाही. दोन मिलीमीटरची खिडकीची काच मापात कापून घ्या, कडा घासून घ्या. ऑटो स्पेअरच्या दुकानातली बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट किंवा सहाशे नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर आणि पाणी घेऊन दुसऱ्या छोट्या काचेने गोल गोल घासत राहा. तासाभरात छान दुधी होते. पेस्ट तेलकट असेल तर रॉकेलने धुवा.

आत घालायचं काय

शीट फिल्म आजही मिळते, पण महाग आणि मागवावी लागते. शिकताना ती वाया घालवण्यात अर्थ नाही. सुरुवात फोटो पेपरने करा. लाल दिव्याखाली हाताळता येतो, चूक झाली तर दिसते, आणि निगेटिव्ह ट्रेमध्ये डोळ्यांदेखत उगवते. आयएसओ ६ धरा: दुपारच्या लख्ख उन्हात एफ १६ ला सहाव्या हिश्श्याचा सेकंद, एफ २२ ला तिसऱ्या हिश्श्याचा. तिपाई हवीच. पेपरला लाल रंग दिसत नाही, म्हणून फेटे काळे पडतात, सावळा चेहरा आणखी सावळा येतो आणि आभाळ पांढरं फटक. कॉन्ट्रास्ट फार चढतो. मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा, पेपर असेल तर लेन्सवर पिवळा फिल्टर लावून एक्सपोजर वाढवा, किंवा डेव्हलपर नेहमीपेक्षा पातळ करा. माझं विचाराल तर रंकाळ्यावर ढगाळ सकाळी काढलेल्या पेपर निगेटिव्हला तोड नाही. तिथे सावल्या मुळातच मऊ असतात.

पुढची पायरी एक्स-रे फिल्म. दवाखाने डिजिटल झाले तरी सर्जिकल मालाच्या दुकानांत चौकशी केली तर खोकी अजून निघतात, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आसपास विचारून बघा. आठ बाय दहा, दहा बाय बारा, बारा बाय पंधरा अशी मापं येतात. हिरव्याला संवेदनशील जातीची फिल्म गडद लाल दिव्यातच कापा. आयएसओ ५० पासून सुरुवात करून स्वतःचा आकडा शोधा. हिची खोड अशी की इमल्शन दोन्ही बाजूंना असतं, आणि ओलं असताना नखाने सुद्धा ओरखडा उठतो. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा आणि एका वेळी एकच फिल्म धुवा. कापल्यावर कोपरे किंचित गोल करा, टोकदार कोपरा होल्डरच्या खाचेत अडतो.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात नळाचं पाणी तीसच्या घरात जातं आणि डेव्हलपरला वीस अंश हवे असतात. माठाचं पाणी घ्या, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात एक्स-रे फिल्मचं इमल्शन सालीसारखं सुटून येतं.

सव्वातीन बाय सव्वाचारचा कॅमेरा असेल तर चार बाय पाचची फिल्म अंधारात कापून वापरा. कटरला लाकडी पट्टीचा अडसर ठोकून ठेवा, म्हणजे चाचपडत माप घ्यावं लागत नाही. कापताना फिल्मची कोपऱ्यातली खाच निघून जाते. फिल्म उभी धरली आणि खाच वर उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन तुमच्याकडे असतं. ही खूण गेल्यावर ओळखायचं कसं? तुकडे एकाच दिशेने डबीत रचा आणि इमल्शन कुठे ते डबीवर बोटाला कळेल अशी चिकटपट्टी लावून ठेवा.

होल्डर भरल्यावर स्लाइडच्या दांडीची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाजू बाहेर म्हणजे फोटो काढून झाला. पांढऱ्या बाजूला बोटाला लागतील असे उंचवटे असतात, ते अंधारासाठीच.

काचेचे होल्डर आणि फिल्म पॅकचा डबा

प्लेट होल्डरमध्ये फिल्म तशीच घातली तर ती लोंबते. त्यासाठी पत्र्याचं कव्हर मिळायचं: फिल्मच्या मापाचा पत्रा, तीन कडा आत वळवलेल्या, चौथ्या कडेने फिल्म सरकवायची. हे कव्हर काचेच्या जागी बसतं. खोक्यात ते नसेल तर पत्राकाम करणाऱ्याकडून पातळ पत्र्याचं करून घ्या. नमुना म्हणून पुठ्ठ्याचं करून दाखवलं की तो लगेच समजतो. मागच्या स्प्रिंगने ते पुढच्या कडांवर दाबलं गेलं पाहिजे, आणि वळवलेली कड जाड झाली तर फिल्म तेवढी मागे जाते. म्हणून इथेही व्हर्निअर लावायचाच.

ज्या पत्र्याच्या डब्याचं काम कुणाला ठाऊक नसतं, तो बहुधा फिल्म पॅक ॲडॅप्टर. कागदी शेपट्या ओढून एकामागून एक पातळ फिल्म पुढे यायची, असा पॅक त्यात बसायचा. तो पॅक आता बनत नाही. वरचंच पत्र्याचं कव्हर यात घाला आणि मागची पोकळी पुठ्ठ्याने भरा, म्हणजे फिल्म पुढच्या चौकटीला टेकून राहील. एका वेळी एकच फोटो होतो. पेपरवर प्रयोग करायला बरा, पण चार चांगले दुहेरी होल्डर हाताशी असतील तर या डब्याच्या मागे वेळ घालवू नका.

पोलरॉइड

५४५ नावाचा जाड होल्डर खोक्यात निघाला तर त्याच्यासाठीची शीट शोधत बसू नका. पोलरॉइडने २००८ मध्ये झटपट फिल्म थांबवण्याची घोषणा केली, आणि जुनी उरलेली शीट महागडी आणि बेभरवशाची. ४०५ हा पॅक फिल्मचा होल्डर. त्याला चालणारी फुजीची एफपी-१००सी बंद होत असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. पण तिचं रिकामं प्लॅस्टिकचं कॅसेट असेल तर त्यात सव्वातीन बाय सव्वाचारचा फोटो पेपर भरून एकेक फोटो काढता येतो. झटपट फोटोचीच हौस असेल आणि बॅक ग्राफ्लॉक असेल, तर इन्स्टॅक्स वाइडवर चालणारी लोमोग्राफीची नवी बॅक मिळते. तीच घ्या, जुन्याच्या मागे पैसे ओतू नका.

बेवारस स्लाइड

बाद होल्डरची स्लाइड फेकू नका. तिच्यापासून एका फिल्मवर दोन लांबट फोटो काढायचं साधन होतं, प्रत्येकी दोन बाय पाच इंचाचा. पंचगंगेच्या घाटासारख्या आडव्या पसरलेल्या दृश्याला हे माप शोभून दिसतं.

स्लाइड होल्डरमध्ये पूर्ण सरकवा. फिल्मची खिडकी जिथे सुरू होते तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारा. रेघेपासून दांडीपर्यंतचा भाग अखंड ठेवायचा. तो कापला तर तोंडाची मखमल उघडी पडून उजेड शिरतो. रेघेच्या पुढे लांबीच्या दिशेने अर्धा भाग कापून टाका, पण उरलेली पट्टी अर्ध्यापेक्षा एक-दीड मिलीमीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये स्वच्छ रेघ राहील. फायबरची स्लाइड फ्रेट सॉने कापली जाते. कडा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि धूळ पुसूनच वापरा.

होल्डर कॅमेऱ्यात, शटर बंद. नेहमीची स्लाइड काढा, कापलेली घाला, पहिला फोटो घ्या. ती काढून उलटी करून घाला, दुसरा फोटो. मग नेहमीची स्लाइड परत. अदलाबदल करताना होल्डरच्या तोंडावर काळं कापड धरा. ग्राउंड ग्लासवरचं चित्र उलटं असतं हे ध्यानात ठेवून कोणता अर्धा भाग उघडा आहे याची खूण काचेवरच पेन्सिलीने करा.

पावसाळ्यात

कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट लाकडी होल्डरांचा वैरी. लाकूड फुगतं, स्लाइड अडकते आणि लोक ती पक्कडीने ओढून दांडी उपटतात. होल्डर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. पुड्या तव्यावर कोरड्या भाजून परत वापरता येतात, फक्त कागदी वेष्टनातून दाणे आधी बाहेर काढा. लेन्स चामड्याच्या जुन्या पेटीत ठेवू नका, बुरशीला तिथलं हवामान फार मानवतं.

फ्लॅशची दांडी

तीन मोठ्या सेलची चकचकीत ग्राफ्लेक्स दांडी खोक्यात असेल तर तिला करवत लावू नका. १९७७ च्या एका हॉलिवूड विज्ञानपटात ती प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणून वापरली गेली, तेव्हापासून संग्राहक तिच्यावर तुटून पडतात. विकली तर त्या पैशात बरेच होल्डर येतील. वापरायचीच असेल तर नुसती पकड म्हणून वापरा आणि तिच्यावर आजचा छोटा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश बसवा. वीजपुरवठ्याच्या पेटीसह आलेला जुना इलेक्ट्रॉनिक फ्लॅश मात्र उघडू नका. आतला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो.

शटरवर एम आणि एक्स अशी खूण आहे का ते बघा. एम एकदाच पेटणाऱ्या जुन्या फ्लॅश बल्बसाठी, एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो, म्हणून शटर तेवढं थांबून उघडतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश थांबत नाही, एमवर लावला तर शटर उघडायच्या आत विझून जातो आणि फिल्म कोरी निघते. फिल्म न घालता तपासा: कॅमेऱ्याची मागची चौकट काढा, स्पीड ग्राफिक असेल तर पडद्याचं शटर उघडं ठेवा, लेन्स पूर्ण उघडून फ्लॅश समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखा आणि मागून लेन्समध्ये बघत शटर दाबा. पूर्ण गोल पांढरी चकती दिसली तर जोडणी बरोबर. अर्धवट दिसली किंवा काळोख राहिला तर खटका एक्सवर सरकवून परत बघा. फक्त एम असलेलं शटर असेल तर त्या जोडणीवर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा भरवसा धरू नका, ती बल्बसाठीच आहे.